बाणाची खाच: चिकटवलेली की कोरलेली?

लाकडी बाण स्वतः तयार करू लागलेला माणूस आधी दांडीचा विचार करतो, मग पिसांचा, आणि नॉकचा, म्हणजे दोरीवर बसणाऱ्या मागच्या खाचेचा, विचार त्याच्या मनात सहसा पहिला डझन बांधून झाल्यावर येतो, म्हणजे थोडा उशिराच. पर्याय मुळात दोनच आहेत. दांडीचे मागचे टोक निमुळते करून त्यावर प्लॅस्टिकचे नॉक चिकटवायचे, किंवा दांडीतच खाच कोरून तिला दोऱ्याने बांधून घ्यायचे. गेली काही वर्षे मी दोन्ही प्रकारचे बाण वापरले आहेत. माझ्याकडे 40 पौंड ओढीचे लाँगबो (लांब, साधे धनुष्य) आणि 35 पौंड ओढीचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) आहे, दोन्हींच्या दोऱ्या डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या आहेत आणि सराव बहुतेक वेळा मुळशीकडे एका मित्राच्या शेतात होतो. यापेक्षा जड धनुष्य वापरणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल, हे आधीच मान्य करतो.

प्लॅस्टिकच्या नॉकची बाजू सरळ आणि मजबूत आहे. मागच्या टोकाला 11 अंशांचा उतार द्यायचा (पुढच्या टोकाचा 5 अंशांचा असतो, घाईत दोन्हींची अदलाबदल करून मी दोन दांड्या वाया घालवल्या आहेत), गोंद लावून नॉक बसवायचे आणि गोंद ओला असेपर्यंत ते फिरवून लाकडाच्या रेषांशी जुळवायचे. चूक सुधारण्याची ही संधी कोरलेल्या खाचेत मिळत नाही. शिवाय नॉकवर एक बारीक उंचवटा असतो, त्यामुळे वेगळ्या रंगाचे पीस कोणत्या बाजूला आहे, हे लक्ष्यावरची नजर न काढता बोटांना कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागून दुसरा बाण येऊन आदळला, तर बहुतेक वेळा प्लॅस्टिक फुटते आणि दांडी वाचते. तीन-चार जण 18 मीटरवरून एकाच लक्ष्यावर बाण सोडत असतील, तर केवळ या एका गुणासाठी प्लॅस्टिक घ्यावे, असे मी कोणालाही सांगेन.

तरीही माझे प्लॅस्टिकशी फाटले ते दोरीवरून. नॉकने दोरी किती घट्ट धरावी, याची जुनी परीक्षा सर्वांना ठाऊक आहे: बाण दोरीला अडकवून टोक खाली करून लोंबकळू द्यावा आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. टिचकीसरशी बाण सुटून पडला, तर पकड योग्य. माझ्या पहिल्या पाकिटातली पांढरी नॉक टिचकीची वाटच पाहत नसत. धनुष्य जरा तिरके धरले, तरी बाण गवतात. एकदा तर पूर्ण ताणलेल्या दोरीवरून बाण बोटभर पुढे सरकला. तो सुदैवाने वेळेत दिसला आणि मी दोरी हळूहळू सैल केली. तशीच सोडली असती, तर तो रिकाम्या धनुष्याचा वार ठरला असता आणि लाकडी धनुष्य मोडायला तसा एक वारही पुरतो.

उपाय म्हणून मी दोरीच्या मध्यावरचे सर्व्हिंग, म्हणजे नॉक जिथे बसते तिथे दोरीभोवती गुंडाळलेला दोरा, उसवले आणि जाड दोऱ्याने पुन्हा गुंडाळले. पकड छान जमली. पावसाळ्यापूर्वी दुसरे पाकीट मागवले, त्याच नावाचे आणि त्याच मापाचे, फक्त रंग नारिंगी. ही नॉक दोरीवर अशी बसत की टिचकीने तर नाहीच, पण बाण हाताने ओढून काढतानाही दोरीवरची खुणेची गाठ जागची हलत असे. मग कोणीतरी सुचवलेला उपाय केला: गरम पाण्यात नॉक बुडवून त्यांची तोंडे किंचित उघडायची. मी स्वयंपाकघरात वाटीत गरम पाणी घेऊन चिमट्याने नारिंगी नॉक बुडवत उभा होतो, तेव्हा घरच्यांनी काहीही न बोलता गॅस बंद केला. काही नॉक बरी झाली, काही इतकी उघडली की पुन्हा पांढऱ्यांच्याच वळणावर गेली. त्या एका पावसाळ्यात मी दोन दोऱ्यांचे सर्व्हिंग मिळून पाच वेळा बदलले. दोरी धनुष्यासाठी असते, आणि मी मात्र तिला प्रत्येक नव्या पाकिटासाठी नव्याने घडवत होतो. यात दोष एखाद्या पाकिटाचा नाही. साच्यातून निघालेल्या वस्तूत केसाएवढा फरक राहणारच, आणि नॉकच्या बाबतीत केसाएवढा फरक पुष्कळ होतो.

कोरलेल्या खाचेत हा प्रश्नच उलटा होतो, कारण येथे खाच दोरीच्या मापाने घडते. पुण्याच्या बोहरी आळीतून लोखंड कापण्याच्या करवतीची तीन पाती आणि एक बारीक गोल कानस आणली की साहित्य पुरे झाले. पाती एकमेकांना चिकटपट्टीने बांधून एकाच वेळी चालवली की जवळजवळ दोरीच्या जाडीची खाच पडते. उरलेले काम पॉलिश पेपरचे. खाच साधारण सेंटिमीटरभर खोल घ्यावी. दांडीच्या टोकावर दिसणाऱ्या वर्षावर्षाच्या रेषांना ती काटकोनात छेदत गेलीच पाहिजे. रेषांच्या दिशेने कोरलेली खाच म्हणजे दोरीच्या हाती दिलेली पाचर आहे. बाण कधीतरी उभा चिरणारच. तळाशी गोल कानशीने जागा थोडी रुंद केली आणि तोंड किंचित अरुंद ठेवले, तर बाण दोरीवर हलकेच टिकतो. मी सर्व्हिंग केलेली दोरी शेजारी ठेवून कानस चालवतो आणि दर चार-सहा घासांनंतर टिचकी मारून पाहतो.

त्यानंतर खाचेच्या तळाखाली सेंटिमीटरभर रेशमी दोरा गच्च गुंडाळून त्यावर व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत. हे शोभेचे काम नव्हे, दांडी उभी चिरू नये म्हणून घातलेला तो पट्टा आहे. खाचेच्या आतही व्हार्निश पोहोचले पाहिजे, कारण कापलेले टोक ओल सर्वांत आधी पिते आणि मुळशीचा जुलै कोणाला सांगायला नको. उंचवट्याची सोय मी गोंदाचा एक थेंब दोऱ्यावर वाळवून करतो. बोटांना तेवढा पुरतो.

वेळेचा हिशेब मात्र प्लॅस्टिकच्याच बाजूचा आहे. एका खाचेला मला अर्धा तास लागतो. तेवढ्यात प्लॅस्टिकची पाच-सहा नॉक सहज बसतात. मागून बाण आदळला, तर दांडीच फुटते, आणि ती आखूड करून पुन्हा खाच कोरण्याइतकी लांबी दर वेळी शिल्लक नसते. 50 पौंडांच्या पुढे पाइनसारख्या मऊ लाकडात नुसती खाच आणि दोरा यांवर मी विसंबणार नाही. तेथे खाचेला काटकोनात शिंगाची किंवा कठीण लाकडाची पातळ पट्टी बसवावी. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्लिश जहाजावरच्या बाणांत अशा पट्ट्यांसाठी केलेल्या चिरा आजही दिसतात. मी स्वतः शिसवीच्या पट्ट्या दोनदा बसवून पाहिल्या. 40 पौंडांसाठी तो खटाटोप मला अधिकच वाटला.

सरळपणाच्या बाबतीत मला दोन्हींत फरक जाणवला नाही. वाकडे चिकटलेले नॉक आणि मध्य सोडून पडलेली खाच सारख्याच वाईट. दोन्हींमुळे बाणाची शेपूट हलत जाते. चिरांची तपासणीही दोन्हींना चुकत नाही. दर सरावाआधी मी खाचेच्या दोन्ही ओठांवरून कापूस फिरवतो, आणि जेथे तंतू अडकतो तो बाण त्या दिवशी भात्याबाहेर राहतो.

ज्याचे धनुष्य एक, दोरी एक आणि सराव ठरलेल्या अंतरावरचा आहे, त्याने एकदाच सर्व्हिंग जुळवावे, एकाच वेळी चार-पाच डझन नॉक घेऊन ठेवावीत आणि निश्चिंत राहावे. मला ते साधले नाही. माझ्या दोन्ही धनुष्यांचे बाण आता कोरलेल्या खाचेचे आहेत आणि गेल्या दोन पावसाळ्यांत मी सर्व्हिंग बदलले ते फक्त झिजले म्हणून. उरलेली नारिंगी नॉक मी मित्राच्या मुलांच्या हलक्या धनुष्याच्या बाणांना बसवतो. मुले दर रविवारी दोन तरी बाण उसात हरवतात, आणि रेशीम गुंडाळलेला बाण उसात गेलेला मला पाहवत नाही.