बीपीचं मशीन बरं आहे, पण पट्टा मोजून घ्या (आणि ९८ चं ८६ कसं झालं ते)

आईसाठी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घेऊन चार महिने झाले म्हणून आता लिहितोय, पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता आणि तोही चुकीच्या कारणाने. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते या टाइपच्या बहुतेक सगळ्याच मशीनला लागू पडतं. ऑनलाइन घेतलं, दोन हजाराच्या आसपास पडलं, सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कॉम्बोमध्ये होता.

घ्यायचं कारण म्हणजे आईचं बीपी दवाखान्यात गेलं की हमखास वाढलेलं येतं. बाहेर बाकड्यावर तासभर बसायचं, त्यात जिना चढून यायचं, मग सिस्टर हाक मारणार आणि बसल्या बसल्या पट्टा आवळणार. डॉक्टर म्हणाले आजी घाबरतात, तुम्ही घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून आणा मग गोळीचं बघू.

पहिल्या दिवशी घरी काय आलं? १५८/९६. दुसऱ्यांदा १६१. म्हटलं गेले पैसे. शेजारच्या काकूंचं घेतलं तर १२४, माझं ११८, म्हणजे मशीन बरोबर आणि आईचंच बीपी खरंच जास्त असं धरून आम्ही दोन दिवस घरात सुतकी चेहरे करून बसलो. मग सहज पट्ट्यावर छापलेलं वाचलं, २२ ते ३२ सेंमी. शिवणाच्या टेपने आईचा दंड मोजला तर ३४! पट्टा छोटा असला की तो दंडावर नीट दाब देत नाही, त्याला जास्त फुगावं लागतं आणि आकडा फुगून येतो, हे नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. २२ ते ४२ चा मोठा पट्टा वेगळा मागवला, त्याच दिवशी त्याच खुर्चीत १४२/८६. सोळा पॉइंट नुसते पट्ट्याचे. आता मला सांगा, बॉक्सवर समोर मोठ्या अक्षरात "दंडाचं माप बघा" लिहायला काय जातं? कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणे माहितीपुस्तिकेत दिलंय सर.

तर ती पुस्तिका. इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाही. हिंदीत लिहिलंय प्रकुंचन आणि अनुशिथिलन. आईने दोनदा वाचलं आणि पुस्तिका उशाखाली ठेवून दिली. साधी गोष्ट आहे हो, हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब तो वरचा, दोन ठोक्यांच्या मधे ते सैल पडतं तेव्हाचा तो खालचा. आपल्याकडे कुणीही वरचं-खालचंच म्हणतं, डॉक्टर पण पेशंटशी तसंच बोलतात. स्क्रीनवर मात्र एसवायएस (वरचं), डीआयए (खालचं) आणि त्याखाली पल्स. तिसरा आकडा नाडीचा आहे हे आमच्या बाबांना पंधरा दिवसांनी कळलं, तोवर ते "तिसरं बीपी ७४" असं वहीत लिहित होते.

अजून एक गंमत. एकदा सकाळी स्क्रीनवर आलं १८.४ आणि ११.२. आई म्हणाली संपलं आता सगळं. झालं असं होतं की सेल बदलताना माझ्याकडून कुठलंतरी बटण जास्त वेळ दाबलं गेलं आणि मशीन मिमी पाऱ्यावरून किलोपास्कलवर गेलं. एक किलोपास्कल म्हणजे साधारण साडेसात मिमी पारा, म्हणजे ते १३८/८४ च होतं. बाय द वे मशीनमध्ये पारा कुठेच नाही, तो शब्द १८९६ सालच्या रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरच्या पाऱ्याच्या नळीवाल्या यंत्रापासून चालत आलाय, नळीत पारा किती मिलिमीटर चढला ते मोजायचे. दवाखान्यात स्टेथोस्कोप लावून जो ठकठक आवाज ऐकतात ती पद्धत १९०५ मधली, कोरोत्कॉव्ह या रशियन डॉक्टरची. घरचं मशीन आवाज ऐकतच नाही, पट्ट्यातल्या हवेला रक्तवाहिनीची जी थरथर लागते ती पकडतं आणि त्यावरून वरचं-खालचं हिशोबाने काढतं. म्हणून हात हलला, बोललं, की आकडा बिघडतो. आणि आमच्याकडे पट्टा फुगायला लागला की आईला नेमकं दूधवाल्याचे पैसे द्यायचेत हे आठवतं.

आता आमचा नियम असा की चहाच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून, पाय जमिनीवर (मांडी नाही, पायावर पाय नाही), हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. स्वेटरवरून पट्टा बांधायचा नाही आणि बाही वर सारून दंडाला काच बसेल असंही करायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं आणि दोन्ही लिहायचं, त्यातलं कमी आलेलं "खरं" धरायचं नाही. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात १४०/९० ला हाय म्हणतात तसं घरी १३५/८५ च्या वर सरासरी राहिली तर आम्ही हाय धरतो, एकेका आकड्यावर जाऊ नका. मशीनच्या कडेला जी हिरवी-पिवळी-लाल पट्टी आहे तिने मात्र घरात फुकटची भांडणं लावलीत, मी तिच्यावर चिकटपट्टी मारलीये.

वही घेऊन गेलो तर डॉक्टरांनी उलट एक काम वाढवलं. आईला सकाळी उठल्यावर भोवळ येते ना, मग बसून घ्या, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर त्याला पोश्चरल ड्रॉप म्हणतात. आमचं पडलं, २४ ने. आम्ही गोळी वाढेल म्हणून गेलेलो, रात्रीची अर्धी कमी झाली. मशीनचे पैसे मला तरी तिथेच वसूल झाले.

केसपेपर मात्र वेगळंच प्रकरण आहे. त्यावर होतं: पी ८८, बीपी १४८/९०, आरआर १८, एसपीओटू ९८ ऑन आरए, अफेब्राइल. मावशीने आरए वाचलं आणि गावभर फोन, ताईला संधिवात निघाला म्हणून. तिच्या जावेच्या फाइलवर आरए म्हणजे संधिवातच होता त्यामुळे तिची पण चूक नाही. इथे आरए म्हणजे रूम एअर, वरून ऑक्सिजन न लावता साध्या हवेत एसपीओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९८ टक्के आला. पी म्हणजे नाडी. आरआर म्हणजे मिनिटाला श्वास, मोठ्या माणसाचे बसल्या जागी १२ ते २० चालतात. अफेब्राइल म्हणजे ताप नाही, एवढंच.

राहिला ऑक्सिमीटर. तो फुकट आलाय त्या मानाने ठीक, थंड बोटाला आणि नेलपॉलिशला नखरे करतो. पण एक लक्षात ठेवा. रात्री साडेदहाला काकूंचा फोन, अरे यांचं ऑक्सिजन ८६ दाखवतंय, ॲम्ब्युलन्स बोलवू का. (दुपारी नेला होता त्यांनी.) मी धावत गेलो तर काका मस्त बातम्या बघत बसलेले, धाप नाही, ओठ निळे नाहीत, काही नाही. काकू समोरून वाचत होत्या. मशीनवरचा ९८ समोरच्याला उलटा दिसतो आणि त्या चौकोनी आकड्यांत उलटा ९८ म्हणजे चक्क ८६. महागाच्या ऑक्सिमीटरमध्ये बटण दाबलं की स्क्रीन फिरते, याच्यात नाही. खाली जो पीआर असतो तो नाडीचा, तो ऑक्सिजन समजू नका, आणि पीआय दिसलं तर सोडून द्या, ते बोटातल्या रक्तप्रवाहाचं आहे, ते ३ आलं तर घाबरायचं नाही.

मशीनला चार स्टार. एक कापला पट्ट्यासाठी आणि पुस्तिकेसाठी. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, सेलवर आमचे दोन महिने गेले. मेमरी दोन माणसांची आहे पण बाबा बटण न बदलता घेतात त्यामुळे आईची सरासरी खराब होते, म्हणून आता मशीन आईच्या कपाटात कुलपात. काल काकू परत मागायला आल्या होत्या, आईने सांगितलं आधी दंड मोजून आण.