एकोणीस दिवसांचा प्रोग्रामर

भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे पार्ट कापून द्यायचं, छोटं शॉप आहे. प्रोग्रामवर चालणारी तीन मशीनं, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग) आणि एक सीएनसी लेथ, आणि सात माणसं. जुना प्रोग्रामर गणपतीला गावी गेला तो परतलाच नाही, इकडे पार्टीचे फोनावर फोन. त्या घाईत मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून लिहितोय.

एका प्लेसमेंटवाल्याने मुलगा पाठवला. बोलायला एकदम पक्का. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, विचारले, धडाधड सांगितले. लॅपटॉपवर पॉकेटचा (खोलगट खाचेचा) टूलपाथ, म्हणजे कटरचा रस्ता, काढून दाखवला. चाकणच्या एका कंपनीचं पाच वर्षांचं अनुभवपत्र, शिक्क्यासकट. पत्रावरच्या नंबरला फोन लावला तर 'प्रॉडक्शन मॅनेजर' म्हणाले, "डोळे झाकून घ्या, साहेब." घेतला, अगदी डोळे झाकूनच. वर खोलीच्या डिपॉझिटसाठी २५,००० उचल दिली.

अठरा दिवस जुनेच प्रोग्राम चालू होते, सेटिंग आमचा ऑपरेटर करायचा, त्यामुळे सगळं झाकलं गेलं. एकोणिसाव्या दिवशी ईएन-८ स्टीलचा नवीन जॉब लागला. नव्या प्रोग्रामचा पहिला पीस काढताना हाडाचा सेटर रॅपिड (न कापता टूल पळतं तो वेग) २५ टक्क्यांवर आणतो, सिंगल ब्लॉक लावतो म्हणजे मशीन एकेका ओळीला थांबतं, बोट फीड होल्डवर, म्हणजे थांबवायच्या बटणावर, आणि नजर स्क्रीनवरच्या उरलेल्या अंतरावर. ह्याने दार लावलं, सायकल स्टार्ट दाबलं आणि खिशातून मोबाईल काढला! जी-४३ (टूलची लांबी धरायचा कोड) पुढे एच-२, म्हणजे दोन नंबर टूलची लांबी, पडला होता आणि स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या दांड्यात) एक नंबरचं टूल. म्हणजे ऑफसेट (नोंदलेली लांबी) आखूड टूलचा आणि टूल लांब. फुल रॅपिडमध्ये खाली आलं. तो आवाज मी ऑफिसात बसून ऐकला. कटरचे तुकडे, व्हाइसच्या (जॉब पकडायच्या शिकंज्याच्या) जबड्यात बोटभर खड्डा, स्पिंडल आउट, म्हणजे सरळ फिरेना. दुरुस्ती १,४०,००० आणि अकरा दिवस मशीन बंद. आमचे प्रोग्रामर साहेब चहाला म्हणून गेले, मग फोन बंद.

रात्री ते पत्र पुन्हा काढून बसलो. पत्ता चाकणचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, २४ गुजरातचा. रोज बिलं बनवणाऱ्या माणसाला हे दिसू नये! मुलाखतीत तो म्हणाला होता, तिथे तीन शिफ्टला साठ माणसं, पण पीएफ नव्हता. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो. मी पीएफ भरत नाही, कारण आम्ही सातच, पण साठवाल्याने का भरू नये, एवढं तरी विचारायचं! कंपनीच्या गेटचा नंबर शोधून फोन केला, तिथे ह्या नावाचा माणूस कधी नव्हताच.

आता मी कागद नंतर बघतो. आधी हातात डायल (सरळपणा मोजायचं घड्याळ) देतो आणि व्हाइस सरळ करायला सांगतो, मग टूल ऑफसेट, मग एक पीस. दोन तास लागतात, त्या दिवसाची हजेरी देतो. पीएफ असेल तर त्यालाच माझ्यासमोर पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी दाखवायला लावतो. पत्रावरच्या नंबरला फोन करत नाही.

गेल्या महिन्यात नाशिकहून, सातपूरच्या एका शॉपवाल्याचा फोन आला. "तुमच्याकडे तीन वर्षं होता म्हणे, कसा आहे मुलगा?" मी पत्राचा फोटो मागवला. लेटरहेड माझं, सही माझ्या नावाची, नंबर मात्र भलताच. माझा नंबर त्यांनी गुगलवरून काढला होता.