स्टुटगार्टमधील आल्डी आणि आईची हिशेबाची वही

जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये आम्ही दोघे सहा वर्षांपासून राहत आहोत आणि या सहा वर्षांत घरात आलेल्या किराण्यापैकी निम्म्याहून अधिक किराणा आल्डी या स्वस्त दुकानांच्या साखळीच्या एकाच शाखेतून आलेला आहे. या दुकानाविषयी सविस्तर लिहावे असे आता वाटले, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे ते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवण्याचे जाहीर झाले आणि तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक म्हणून इकडे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन ओळखीपाळखीतून येऊ लागले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो: ‘‘ताई, तिकडे महिन्याला खर्च किती येतो?’’ मी उत्तराची सुरुवात आल्डीपासून करते, कारण या दुकानात तासभर लक्ष देऊन फिरले तर या देशात काय स्वस्त आहे, काय महाग आहे आणि ते तसे का आहे, हे बरेचसे उमगते.

एसेन शहरात १९१३ साली आन्ना आल्ब्रेख्ट यांनी काढलेल्या लहानशा दुकानातून हा व्यवसाय उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या त्यांच्या दोन मुलांनी तो वाढवला. पुढे दुकानात सिगारेट विकाव्यात की नाही यावरून भावांचे पटले नाही आणि १९६१ मध्ये त्यांनी वाटणी केली. उत्तरेकडचा भाग एकाकडे, दक्षिणेकडचा दुसऱ्याकडे. त्यामुळे आमच्याकडे जी आल्डी आहे ती दक्षिणेची, म्हणजे आल्डी झ्यूड. ‘आल्ब्रेख्ट’ आणि ‘डिस्काउंट’ या शब्दांच्या जर्मन रूपांची पहिली अक्षरे जोडून आल्डी हे नाव झाले.

दुकान दिसायला अगदी साधे आहे. माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो, त्याच खोक्याचा पुढचा भाग फाडून ते खोके तसेच फळीवर ठेवलेले असते, म्हणजे एकेक पुडा काढून मांडण्यात कोणाचा वेळ जात नाही. एका जिनसेचे दहा प्रकार मिळत नाहीत. एक किंवा दोन मिळतात आणि तेही बहुधा दुकानाच्या स्वतःच्या नावाचे. दूध, दही, लोणी ‘मिल्सानी’ या नावाने येते आणि आमच्या घरात त्याच्या दह्याला कधी कोणी नाव ठेवलेले नाही. वेष्टनावर बारकोड मोठा आणि एकापेक्षा अधिक बाजूंना छापलेला असतो, त्यामुळे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला वस्तू उलटीसुलटी करून बघावी लागत नाही. इथे गल्ल्यावरचा माणूस खुर्चीवर बसून काम करतो, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली आहे. पिशवी भरून देणारे कोणी नसते. सामान ट्रॉलीत ओढून घ्यायचे आणि बाजूला जाऊन आपले आपण पिशवीत भरायचे. जिथे जिथे माणसाचा हात लागतो, तिथे तिथे तो कमी करत नेलेला आहे, आणि स्वस्ताईचे मूळ त्यातच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे घरखर्चाची वही लिहिली. इकडे येतानाही तिने दोनशे पानी वही बॅगेत घातली होती. पहिल्या दिवशी आल्डीत शिरल्यावर तिने प्रत्येक फळीपुढे उभे राहून किमतीला शंभराने गुणायला सुरुवात केली, कारण युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे एवढे तिने विमानातच पक्के करून ठेवले होते. लिटरभर दूध एका युरोच्या आसपास, म्हणजे शंभर रुपये. कोथिंबिरीची लहानशी कुंडी दीड युरो, म्हणजे दीडशे रुपये. कुंडी हातात घेऊन ती काही वेळ नुसतीच उभी राहिली आणि मग म्हणाली, ‘‘अगं, आपली भाजीवाली मेथीच्या जुडीवर एवढी कोथिंबीर वरून घालते.’’ तिने कुंडी परत ठेवली. त्या संध्याकाळची आमटी कोथिंबिरीशिवाय झाली आणि ती मला गोड लागली नाही, कारण माझ्या घरी आलेली आई दीड युरोपुढे थांबली, हे मनातून जात नव्हते.

तिच्या वहीतच आम्ही दुसऱ्या दिवशी दुसरा हिशेब मांडला. किमतीला रुपयांनी गुणण्याऐवजी, ती वस्तू घ्यायला तिथल्या माणसाला किती वेळ राबावे लागते ते काढायचे, असे ठरवले. जर्मनीत २०२६ च्या जानेवारीपासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता वजा जाता त्यातले साधारण दहा युरो हातात पडतात. पुण्यातल्या दुकानात काम करणाऱ्या मदतनिसाला महिना पंधरा हजार रुपये मिळतात, तो सव्वीस दिवस रोज आठ तास काम करतो, असे आम्ही धरले. म्हणजे तासाला बहात्तर रुपये. इथले लिटरभर दूध सहा मिनिटांच्या कामात येते. पुण्यात गाईचे दूध साठ रुपये धरले, तर त्या मदतनिसाला लिटरभर दुधासाठी पन्नास मिनिटे राबावे लागते. आईने हा आकडा दोनदा तपासला.

मग तिने स्वतःहून विचारले, ‘‘आणि केस कापायला?’’ आमच्या भागात पुरुषांचे साधे केस कापायला अठ्ठावीस युरो घेतात. शंभराने गुणले तर अठ्ठावीसशे रुपये, ही रक्कम साताऱ्यात कोणाला सांगायचीही सोय नाही. पण वेळेत मोजले तर ती जवळपास पावणेतीन तासांची कमाई होते, आणि पुण्यातल्या दीडशे रुपयांच्या केशकर्तनालयात त्या मदतनिसाची दोन तासांची कमाई जाते. दुधाच्या बाबतीत दोन शहरांत आठपटीहून अधिक अंतर आणि केस कापण्याच्या बाबतीत अंतर फारसे नाहीच. यंत्राने, मोठ्या प्रमाणावर तयार होणारी वस्तू इथे श्रमाच्या मानाने फार स्वस्त पडते. माणसाचा तास मात्र इथे माणसाच्या तासाच्याच भावाने मिळतो. ‘‘भांड्याला बाई किती घेते?’’ हा आईचा पुढचा प्रश्न होता. साफसफाईला येणाऱ्या बाईंना इथे तासाला अठरा-वीस युरो द्यावे लागतात, म्हणून आमच्याकडे त्या नाहीत. भांडी यंत्र घासते आणि फरशी आम्ही पुसतो. कोथरूडला राहत असताना आमच्या घरी धुण्याला, भांड्यांना आणि पोळ्यांना अशा तीन बायका येत असत आणि तिघींचा मिळून पगार आमच्या एका बाहेरच्या जेवणाएवढा होता. त्या पगारात त्यांचे घर कसे चालत असेल, हा विचार मी तेव्हा करायला हवा होता आणि केला नाही.

अर्थशास्त्रात या फरकाचा विचार जुना आहे. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये हाच मुद्दा स्वतंत्रपणे मांडला होता की श्रीमंत देशांत सेवा महाग असल्याने तिथले एकूण किमतींचे मान वर जाते आणि नुसत्या विनिमय दराने केलेली तुलना फसवी ठरते. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाने २०१७ साठी काढलेल्या आकड्यांनुसार एका डॉलरचा बाजारभाव ६५.१२ रुपये होता, पण क्रयशक्तीच्या हिशेबाने तो २०.६५ रुपयेच पडत होता, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे येते ते भारतात सरासरी तेवढ्या रुपयांत येत होते. याचा सरळ अर्थ असा की इकडे मिळालेले पैसे तिकडे नेले तर ते फुगतात. पण इकडे मिळवून इकडेच खर्च करायचे असतील तर पगाराला शंभराने गुणून सुखावण्यात हशील नाही आणि किमतीला शंभराने गुणून घाबरण्यातही नाही. फोन करणाऱ्या मुलांना मी हे अगदी कळकळीने सांगते, कारण त्यांतले कित्येक जण पगाराला गुणतात आणि खर्चाला गुणायचे विसरतात.

आल्डीत प्रत्येक वस्तूच्या पाटीवर किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दरही दिलेला असतो. तो देणे इथे कायद्याने बंधनकारक आहे आणि हिशेबी माणसाला त्याचा फार उपयोग होतो. आपल्याकडे पुड्यावर एमआरपी छापलेली असते आणि दुकानदाराला तिच्या वर जाता येत नाही. इथे अशी छापील कमाल किंमत नसते, दुकानदार ठरवेल ती किंमत. मात्र आल्डीने दुधा-लोण्याचा भाव बदलला की इतर दुकानेही बहुधा त्यामागे जातात, त्यामुळे एका अर्थी भावाची पाटी आल्डीतच लिहिली जाते. खाद्यपदार्थांवर सात टक्के आणि इतर बहुतेक वस्तूंवर एकोणीस टक्के कर असतो आणि तो पाटीवरच्या किमतीत धरलेला असतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लॅस्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की तेवढ्याची चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. आईला हे यंत्र इतके पटले की बाटल्या नेण्याचे काम तिने तीन महिने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

डाळींच्या बाबतीत हे दुकान अर्धेच उपयोगी आहे. श्वाब, म्हणजे या भागातल्या मूळच्या लोकांचे आवडते जेवण म्हणजे मसूर आणि श्पेट्झले नावाच्या घरगुती शेवया, त्यामुळे मसूर आल्डीत हमखास मिळतो आणि त्याची आमटी आपल्या अख्ख्या मसुरासारखीच होते. हरभरा उकडलेला, डब्यात मिळतो. बासमती तांदूळ आहे, पण आंबेमोहोर किंवा इंद्रायणी नाही. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारीचे पीठ, भेंडी, कारली यांसाठी भारतीय किराणा दुकानच गाठावे लागते आणि तिथे भाव चढे असतात. दोन किलो तूरडाळीला साडेपाच-सहा युरो पडतात. शहरातल्या अशाच एका दुकानातून आईसाठी मी मे महिन्यात चाळीस युरोंना डझनभर हापूस आणला. पेटी घरी उघडली तर तीन फळे देठापाशी काळी पडलेली होती आणि विमानाने आलेला माल परत घेत नाही असे दुकानदाराने सांगितले. चार तासांच्या कमाईतला एक तास असा गेला. आपल्या मातीतल्या वस्तूंचा हट्ट जितका धरावा तितका इथला संसार महाग होतो, हे मान्य करूनही दसऱ्याला, दिवाळीला तो हट्ट मी सोडलेला नाही.

किराण्यावर आम्हा दोघांचा महिन्याचा खर्च आल्डीत अडीचशे युरो आणि भारतीय दुकानात सत्तर युरो एवढा होतो. आमच्या एकूण खर्चात हा भाग मोठा नाही; मोठा भाग घरभाड्याचा आहे. पंचावन्न चौरस मीटरच्या घराला आम्ही हीटर-पाण्यासह साडेअकराशे युरो देतो आणि घर घेताना नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांएवढी अनामत भरावी लागली होती, जी कायद्याने परवानगी असलेली कमाल अनामत आहे. किमान वेतनावर काम करणाऱ्याला हे भाडे भरायला एकशे पंधरा तास लागतील, म्हणजे महिन्यातले दोन तृतीयांश काम. धायरीत वन बीएचके बारा हजारांना मिळाले असे धरले, तर पुण्यातल्या त्या मदतनिसाला एकशे सहासष्ट तास लागतात, म्हणून दोन्हीकडे असा माणूस खोली वाटून घेऊनच राहतो. घरपट्टीसारखा दर घराला लागणारा रेडिओ-दूरचित्रवाणीचा १८.३६ युरोंचा मासिक आकार आणि देशभरच्या स्थानिक गाड्यांना चालणारा ६३ युरोंचा मासिक पास हेही धरून ठेवावे. उलट डॉक्टरकडे गेले तर खिशातून काही जात नाही आणि चिठ्ठीवरच्या एकेका औषधाला पाच ते दहा युरो पुरतात, कारण विम्याचा हप्ता पगारातूनच कापलेला असतो. अठ्ठावीसशे युरो पगाराचे पत्र हाती आले, तर एकट्या माणसाच्या खात्यात एकोणीसशे ते दोन हजारांच्या दरम्यान जमा होतील, असे समजून चालावे.

रोजच्या खाण्यापिण्यासाठी, आणि विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, आल्डीसारख्या दुकानावर संसार उभा करावा असे माझे ठाम मत आहे. दूध, दही, लोणी, अंडी, मैदा, बटाटे, कांदे, गाजरे, कोबी, मसूर, धुण्याची पावडर यांसाठी दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. पोळ्यांसाठी मात्र इथले गव्हाचे पीठ जमत नाही. कणीक भारतीय दुकानातून दहा किलोंच्या पोत्याने आणावी, ती स्वस्त पडते. मसाला, गोडा मसाला, हिंग आणि कुकरची जादा शिट्टी घरून आणावी.

दुकान रविवारी बंद असते, त्यामुळे शनिवारी दुपारनंतर गर्दी होते. शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जावे. पिशव्या घरून न्याव्यात. ट्रॉली साखळीने जोडलेली असते, ती सोडवायला एक युरोचे नाणे लागते आणि ट्रॉली पुन्हा जागेवर लावली की ते परत मिळते.