सोळा गेजच्या नावाखाली १.२९ मिमी: चिलखताच्या कड्यांत गेलेले २४,९५० रुपये

मिरवणुकीत घालायला कड्यांचं चिलखत करायला घेतलं, सामान ऑनलाइन मागवलं आणि फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो. कड्यांचे १२,०००, पाठवणावळ ८५०, चामड्याचे २,६००, टोपाच्या झालरीचा ॲडव्हान्स ७,५०० आणि 'परत मिळणारा विमा' २,०००. एकूण २४,९५०. त्या शेवटच्या दोन हजारांबद्दल मला कुणी काही विचारू नका, माझं मलाच उत्तर सापडलेलं नाही.

ऑनलाइन फसवणुकीचे हे धंदे कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. देखणे फोटो, व्हॉट्सॲपवर गोड बोलणं, "रविवारपर्यंतच हा भाव", आणि पैसे भरताना खात्यावर भलत्याच माणसाचं नाव. मलाही ठाऊक होतं. "खातं मेहुण्याचं आहे, जीएसटीचं लफडं नको म्हणून" हे वाक्य मी वाचलं आणि पिन टाकला. पण मोबाइल चोरणारे, वीजबिलाच्या नावानं लुबाडणारे वेगळे. हा विक्रेता तार, गेज (तारेच्या जाडीचा नंबर), रिव्हेट (कडीचं तोंड बंद करणारा खिळा), विणीची दिशा यावर तासभर बोलू शकत होता. ज्याला एवढं कळतं तो भामटा कसा असेल, असं वाटलं. ज्याला कळतं तोच नेमकं कुठे मारायचं ते जाणतो, हे डोक्यात आलं नाही.

जाहिरात अशी होती: मिरवणुकीत घालायच्या कड्यांच्या चिलखतासाठी २०,००० तयार कड्या, गॅल्व्हनाइज्ड, १६ गेज, आतला व्यास ८ मिमी, करवतीने कापलेल्या. सोबत जाडी मोजायच्या व्हर्निअरच्या जबड्यात धरलेल्या कडीचा फोटो, काट्यावर १.६ स्पष्ट दिसतंय. फोटोत १.६, मजकुरात मात्र नुसतं '१६ गेज'. मिलिमीटर कुठेही लिहिलेलं नाही. सगळी मेख तिथे होती.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, तार ब्रिटिश गेजनं मिळते. त्या हिशोबानं १६ गेज म्हणजे १.६३ मिमी. अमेरिकन गेजनं १६ म्हणजे १.२९ मिमी. एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतही नाही. पण कडी उघडायला लागणारा जोर तारेच्या जाडीच्या साधारण घनानं बदलतो. १.२९ ची कडी १.६३ च्या निम्म्या ताणाला तोंड उघडते. म्हणून गेज कधी विचारू नका. मिलिमीटर विचारा आणि लेखी घ्या.

आता तो क्षण. पार्सल आलं. खोक्यावर कुरिअरचं लेबल, त्यावर छापलेलं वजन: ६.३०० किलो. ते मी वाचलं. वाचलं आणि मनात म्हटलं, वा, हलकं आहे, खांद्याला त्रास कमी होईल. त्या मूर्खपणाची किंमत पंधरा हजार चारशे पन्नास, आणि पुढचे साडेनऊ हजार त्याच्याच पायी गेले.

कारण हिशोब शाळेतला आहे. ८ मिमी आतल्या व्यासाची, १.६३ तारेची कडी सरळ केली तर साधारण ३० मिमी तार. पोलादाची घनता ७.८५ धरली तर एका कडीचं वजन अर्धा ग्रॅम. शंभर कड्या म्हणजे ५० ग्रॅम, किलोत दोन हजार, वीस हजारांचे दहा किलो. १.२९ तारेची तीच कडी भरते ०.३० ग्रॅम, वीस हजारांचे सहा किलो. लेबलवर सहाच किलो आणि वर खोका! सगळा गुन्हा त्या चिठ्ठीवर छापून आला होता. बरं, कड्या मोजून वीस हजारच दिल्या होत्या गड्यानं, वजनाला बरोबर जुळतं. चार किलो तार वाचवली, बाजारभावानं फार तर चारपाचशे रुपयांची. एवढ्यासाठी!

तुम्ही घेणार असाल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुढ्यात ठेवा आणि शंभर कड्या मोजा. ५० ग्रॅमच्या आसपास भरल्या तर ठीक. तीसच्या आसपास भरल्या तर तार बारीक. सतराच्या आसपास भरल्या तर ते ॲल्युमिनियम आहे, चुंबकानंही खात्री होईल. खोक्याच्या वरून मूठभर घेऊ नका, तळातून घ्या. पहिला थर चांगला रचण्याची रीत पेढ्यांच्या दुकानात आहे तशी इथेही आहे.

दुसरी खूण कडीच्या तोंडावर असते. करवतीने कापलेली कडी मिटली की दोन्ही टोकं सपाट भिडतात, सांध्यावर नख फिरवलं तरी अडकत नाही. बोल्ट कटरने तोडलेल्या कडीची टोकं कुऱ्हाडीच्या पात्यासारखी निमुळती होतात, मिटल्यावरही वर फट राहते आणि ती फट आतला सदरा धाग्याधाग्यानं ओढते. फोटोत करवतीची होती. खोक्यात कटरची. चहाच्या चाळणीत शंभर कड्या ओतून हलवल्या तर दहाएक जाळीतच अडकून बसल्या, इतकी ती टोकं बोचरी.

पण हे पुरतं उलगडलं विणताना. साधी वीण सगळ्यांना माहीत आहे: प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या. तारेची जाडी आणि आतला व्यास यांचं गुणोत्तर इथे सगळं ठरवतं. ८ भागिले १.६३ म्हणजे ४.९, या विणीला उत्तम. ८ भागिले १.२९ म्हणजे ६.२, जाळी ढगळ, लेचीपेची. नुसत्या मिटवलेल्या, रिव्हेट नसलेल्या कड्यांना ते झेपत नाही. छाती-पाठीचे पट्टे खांद्यावर जोडले, साधारण सहा हजार कड्या झाल्या, म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो, आणि हँगरला लावून ठेवलं. सकाळी खांद्याच्या ओळीतल्या कड्या तोंडं वासून, फरशीवर पंधरा-वीस सांडलेल्या. खांद्याची ओळ खालचं सगळं वजन पेलते, बगलेतली ओळ हात वर केला की ताणली जाते. कमी पडणारी कडी आधी तिथेच उघडते. पूर्ण चिलखत झाल्यावर काय झालं असतं, मिरवणुकीत रस्ताभर कड्या पेरत गेलो असतो.

विक्रेत्याला फोन केला. पहिलं उत्तर: "पक्कड चुकीची वापरताय." दोन चपट्या तोंडाच्या, दाते नसलेल्या पकडी, टोकं एकमेकांशेजारून पुढेमागे फिरवून मिटवायची, फाकवून नाही. तसंच केलं होतं. दुसरं उत्तर: "विणीची दिशा उलटी आहे." वीण योग्य दिशेनं लटकवली की कड्या आपसूक एकमेकींत मिटतात, नव्वद अंशांनी फिरवली की जाळी उघडी लोंबते. ती दिशाही बरोबरच होती. तिसऱ्या फोनला खरं तोंडातून निघालं: "सोळा गेजच आहे साहेब, अमेरिकन." म्हणजे उत्तर आधीपासून तयार होतं.

याच माणसानं 'जुनाट काळा रंग हवा तर कड्या गॅसवर तापवा' असाही सल्ला दिला होता. कृपा करून हे करू नका. गॅल्व्हनाइज्डवर जस्त असतं, तापवलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. जस्त काढायचंच असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा, उघड्यावर, झाकण न लावता, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. नंतर सोडा घातलेल्या पाण्यात धुवा, पुसा, लगेच तेल. नाहीतर दुसऱ्या दिवशी लाल गंज.

चामड्याचं प्रकरण छोटं आहे पण चीड तेवढीच. मनगटावरच्या बाजूबंदांना आणि लाकडी तलवारीच्या म्यानाला दहा चौरस फूट, २६० रुपये फूट, 'झाडाच्या सालीनं कमावलेलं, ३.५ मिमी'. आलं ते क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या रसायनानं कमावलेलं, वर मेणाचा हात मारून तपकिरी केलेलं. बाजूबंदाला सालीचंच चामडं लागतं, कारण ते ओलं करून हातावर घडवता येतं आणि गरम पाण्यानं कडक होतं. क्रोमचं चामडं ओलं असेपर्यंत ऐकतं, वाळलं की पुन्हा फडक्यासारखं. ओळखायला बोटभर पट्टी कापा आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. सालीचं आक्रसतं, वळतं, लाकडासारखं होतं. क्रोमचं जसंच्या तसं बाहेर येतं. कापलेली कडही बघा, आत निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, त्या कारागिरांकडे गेलो असतो तर हातात धरून, वाकवून, वास घेऊन माल मिळाला असता. घरबसल्या मागवायची हौस ना.

आणि झालर. टोपाच्या मागे मानेवर लोंबते ती, ३,००० कड्यांची, प्रत्येक कडी रिव्हेट केलेली, १५,००० रुपये, निम्मे आधी, आठ दिवसांत तयार. कड्यांचं खोकं आल्यावर चौथ्या दिवशी, विणायला बसायच्या आधी, मी ७,५०० पाठवले. आता बघा: रिव्हेटची कडी म्हणजे टोकं एकमेकांवर आणायची, ठोकून चपटी करायची, भोक पाडायचं, पाचरीसारखा खिळा घालायचा, दाबायचा. एका कडीला तीन मिनिटं धरली तरी तीन हजारांना दीडशे तास. आठ दिवसांत? रोज जवळजवळ एकोणीस तास? असा हिशोब करणाऱ्यांना मी आयुष्यभर चिक्कू म्हणत आलो. मग "वाटेत हरवलं तर" म्हणून २,००० चा विमा, झालर मिळाल्यावर परत. झालर आली नाही. विमा कशाचा होता देव जाणे.

आता तक्रारीचं ऐका. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, पहिल्या तासात लावला तर समोरच्या खात्यात रक्कम थांबवायला वाव असतो. माझा तो तास केव्हाच गेला होता, कारण इथे पैसे 'चोरीला' जात नाहीत, आपण हौसेनं देतो. मग पोलीस चौकी. समोरच्यानं अर्ज वाचला, "चिलखत" शब्दावर थांबला आणि वर बघून विचारलं, "तलवार पण मागवलीत का?" नाही हो, लाकडी आहे. "मग म्यान कशाला?" पुढची वीस मिनिटं फसवणुकीची चौकशी बाजूला आणि माझीच सुरू. पातं किती इंचांचं, कुठे ठेवलंय, मिरवणूक कुणाची. कुरिअरनं खऱ्या तलवारी येतात, ते पकडतात, ठीक आहे, त्यांचं काम आहे. पण लाकूड आणि तार यातला फरक कागदावर लिहून द्यावा लागला मला! शेवटी निकाल: "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." आणि झालर? "ॲडव्हान्स दिलाय, त्याला उशीर झाला असेल." पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या फेरीत साहेब होते, शिक्का नव्हता. तिसऱ्या फेरीत शिक्का मिळाला, पण आधीच्या अर्जाची प्रत सापडेना, म्हणून नवा अर्ज, नवी तारीख, जणू मीच दीड महिना झोपलो होतो.

बँकेत: "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." खातं ज्याचं आहे त्याचं नाव तरी तपासा म्हटलं, तर ती माहिती गोपनीय. म्हणजे चोराची गोपनीयता सांभाळायला काउंटरवर माणूस आहे, माझ्या अर्जाला मात्र पेटी. कुरिअरवाल्यांकडे मागितलं होतं एवढंच, की बुकिंगच्या वेळचं वजन शिक्क्यासह लिहून द्या. "पार्सल डिलिव्हर्ड दिसतंय सर." अहो डिलिव्हर झालंय म्हणूनच तर भांडतोय! ऑनलाइन तक्रारीत प्रकार निवडायचा होता, यादीत बसेना, 'इतर' निवडलं. महिन्यानं उत्तर आलं: विक्रेता परराज्यातला, प्रकरण तिकडे वर्ग. तिकडून फोन: तक्रारदार तुमच्याकडचा, तिकडेच पाठवतो.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'अशी व्यक्ती नाही' असा शेरा घेऊन परतली. म्हणून पैसे देण्याआधी त्याच पत्त्यावर एक स्पीड पोस्ट टाका. पोचलं तर पुढे बोला. आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ लेबलाच्या वजनापासून सुरू करा, कडीच्या जाडीवर संपवा, मध्ये कापाकापी नको.

तार हार्डवेअरमध्ये मिळते. साडेदहा किलो १.६ मिमीची घ्या, दुकानातच मोजून. आठ मिमीच्या सळईवर गुंडाळा, सुटल्यावर वेटोळं थोडं उलगडतं, म्हणून व्यास आठाहून किंचित जास्त येतो, चालतं. कापायला वेळ जातो, बोटं सोलतात, पण तार तीच असते जी तुम्ही मोजली.

त्या विक्रेत्याचा नंबर बंद आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाच्या पानावर तशाच कड्या विकायला आलेल्या दिसल्या, आता '१४ गेज, शाही दर्जा' म्हणून. फोटो तोच. व्हर्निअरच्या वरच्या जबड्याला निळ्या चिकटपट्टीचा फाटका तुकडा आहे, डावीकडचं टोक वर उचललेलं. काटा अजून १.६ च दाखवतोय.