प्रीप्रिंट घ्यावे की समीक्षित निबंधासाठी थांबावे?

राधानगरीच्या जंगलातल्या किंवा मसाईच्या पठारावरच्या वनस्पतींविषयीचे नवे संशोधन मराठीत समजावून सांगायचे, तर बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावरचे ताजे प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच खुला केलेला निबंध, हाती घ्यावे, की तोच निबंध समीक्षकांच्या नजरेखालून जाऊन नियतकालिकात येईपर्यंत थांबावे, हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही करून पाहिले आहे.

प्रीप्रिंटची बाजू लंगडी नाही. ते विनामूल्य आणि बरेच आधी मिळते, शिवाय जुन्या आवृत्त्या तिथेच राहत असल्याने लेखकांनी काय बदलले हे ताडून पाहता येते. पावसाळ्यात फुललेल्या सड्याविषयी, म्हणजे कातळी पठाराविषयी, पावसाळ्यातच लिहायचे असेल, तर मोह आवरत नाही.

मला तो एकदा नडला. सड्यावरच्या एका वनस्पतीसाठी सुचवलेले नवे दोन शब्दी शास्त्रीय नाव प्रीप्रिंटमधून उचलून मी सहलीच्या माहितीपत्रकात घातले. अंतिम निबंधात त्या नावाचा दुसरा शब्दच बदलला होता, आणि राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसून मला चाळीस प्रतींवर काळ्या पेनाने खाडाखोड करावी लागली. चूक लेखकांची नव्हती. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१२ पासून पीडीएफमधले नाव ग्राह्य धरते, परंतु आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा वा पुस्तकाचा क्रमांक) असलेल्या प्रकाशनातलेच, आणि मजकूर अंतिम नसेल तर तेही नाही. बारसे होण्याआधीच मी पाळण्यावर नाव लिहून मोकळा झालो होतो.

परिस्थितिकीच्या निबंधांत धोका वेगळा असतो. एकाच सड्यावर मोजणीसाठी आखलेले दहा चौरस म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत, हा आक्षेप परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडला. समीक्षक तो आजही घेतात, आणि त्यानंतर निष्कर्षांची भाषा मवाळ झालेली मी तरी अनेकदा पाहिली आहे.

समीक्षित निबंधाची अडचण पैशांची; तो वाचायला अनेकदा शुल्क पडते. पण लेखकाला दोन ओळींचा ईमेल केला, की माझ्या अनुभवात आठवड्याभरात प्रत येते. ‘फायटोकीज’ आणि ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ ही नियतकालिके तर सर्वांना खुलीच आहेत. समीक्षा झाली म्हणजे अचूकतेची हमी मिळाली असे नव्हे, हे मान्य. आपला विषय नावाशी निगडित नसेल, तर ‘अद्याप समीक्षा झालेली नाही’ असे पहिल्याच परिच्छेदात नोंदवून प्रीप्रिंटवर लिहायला कदाचित हरकत नसावी. कंदीलपुष्पासारख्या एखाद्या वनस्पतीच्या नव्या नावाचा प्रश्न असेल, तर मात्र मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेन.