खोक्यावर २०० एएच, आत ९४ : कॅम्पर व्हॅनच्या बॅटऱ्यांत झालेली फसवणूक

ज्यांची कॅम्पर व्हॅन (राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) सध्या फिटरकडे उभी आहे त्यांनी आधी एवढं करा : बॅटरी बसवण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आमच्या कॅम्परमध्ये काय बसवायचं ते लेखी ठरलं होतं. १२ व्होल्टच्या, प्रत्येकी २०० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन लिथियम एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या, इंजिन चालू असताना त्या नीट भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, २००० वॅटचा इन्व्हर्टर आणि त्याच्यासाठी ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. हिशेब मी स्वतः केला होता. फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे, पंखा, लॅपटॉप मिळून दिवसाला साधारण ११० एएच. ढगाळ हवेत सोलरवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून इंजिन न लावता तीन दिवस निघावेत एवढा साठा. लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवायच्या नसतात, त्यामुळे ४०० एएच वापरायला ८०० एएच घ्याव्या लागल्या असत्या आणि गाडीवर दोनशे किलोंहून जास्त ओझं चढलं असतं. हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी, की आम्ही स्वस्त दिसलं म्हणून धावलो नव्हतो. वेगवेगळ्या ठिकाणचे दर घेतले होते, हा दर त्यांतला मधला होता. ७० टक्के रक्कम आगाऊ दिली, उरलेली ३० टक्के चावी परत घेताना.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. बॅटऱ्या बसवताना मी तिथेच उभी होते. फिटरनं फोन कानाला लावलेला, आणि बोलता बोलता दुसऱ्या हातानं बॅटरीचा पट्टा धरून ती सीटखालच्या कप्प्यात ठेवली. एका हातानं. खोक्यावर छापलं होतं : वजन २१.५ किलो. मी विचारलं, "इतकी हलकी कशी?" तो म्हणाला, "ताई, लिथियम आहे. हलकी असणारच, त्याचेच तर पैसे पडतात."

आणि हे खरंच आहे! लिथियम बॅटरी लेड-ॲसिडपेक्षा हलकीच असते. खरं वाक्य पुढे करून खोटा माल खपवला, म्हणून तर इतका संताप होतो. समोरचा माणूस रोज हेच काम करतो, आपण एक प्रश्न विचारला, त्याचं बरोबर वाटणारं उत्तर मिळालं. यापुढे ग्राहकानं आणखी काय करायचं असतं?

करायचं असतं ते हे गणित. २०० एएच गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे २५६० वॅट-तास. चांगला एलएफपी सेल किलोमागे साधारण १६० ते १६५ वॅट-तास देतो. म्हणजे नुसते सेलच पंधरा-सोळा किलोंचे झाले. त्यात बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं आणि धोका दिसला की वीज तोडणारं सर्किट), तांब्याच्या पट्ट्या आणि खोकं वेगळं. आमची बॅटरी नंतर काट्यावर ठेवली तेव्हा भरली १२.४ किलो. एवढ्या वजनात २०० एएच बसूच शकत नाहीत, कुठल्याही कंपनीचं नाव त्यावर चिकटवा.

चावी देताना फिटरनं मोबाइलवर बॅटरीचं ॲप उघडून दाखवलं : क्षमता २०० एएच, चार्ज १०० टक्के, १३.४ व्होल्ट. आम्ही त्यावर पैसे चुकते केले. लक्षात ठेवा, ॲपमधली क्षमता मोजलेली नसते. बीएमएसमध्ये कुणीतरी टाइप केलेला आकडा असतो तो. तिथे ५०० लिहिलं तरी ॲप ५००च दाखवेल.

उघडकीला आलं ते रात्री फ्रिज बंद पडल्यावर. ॲप ५८ टक्के दाखवत होतं आणि पुढच्या मिनिटाला सगळा अंधार. सेलनिहाय व्होल्टेजचं पान उघडलं तर आतल्या चारपैकी तीन सेल ३.२ वर आणि चौथा २.५ वर. तो एक सेल कोसळला की बीएमएस सगळंच तोडतो. मग दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून १४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण भरल्या, मध्ये शंट (किती करंट गेला ते मोजणारं साधन) लावला आणि १० अँपिअर खाणारा लोड जोडून रिकाम्या केल्या. खऱ्या २०० एएचला वीस तास लागायला हवेत. पहिलीनं ९४ एएच दिले, दुसरीनं ८१. घेतले ४००, मिळाले १७५.

एक बॅटरी उघडली. बाजूंना जाड फोम कोंबलेला. मध्ये निळ्या वेष्टनातले चार सेल, त्यांच्या माथ्यावरचे क्यूआर कोड खरवडून काढलेले, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगचे ओरखडे, एका सेलचं पोट फुगलेलं. कुठल्यातरी भंगारात निघालेल्या पॅकमधले सेल नव्या खोक्यात भरले होते.

तिथून पुढे बाकीचं काम तपासलं तर तेही तसंच. केबलवर ७० छापलेलं. एक तार चाकूनं खरवडली तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १७० अँपिअरच्या वर ओढतो. ती केबल तापणारच. फ्यूज होता, पण इन्व्हर्टरच्या टोकाला! फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, नाहीतर मधली केबल बॉडीला घासली की तिला वाचवणारं काहीच नाही. आम्ही या गाडीत झोपत होतो.

डीसी-डीसी चार्जरच्या जागी साधा व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज बघून गाडीची आणि कॅम्परची बॅटरी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. असा रिले साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८च्या खाली तोडतो. लिथियम बॅटरी इंजिन बंद असतानाही १३च्या आसपास टिकून राहते, त्यामुळे रिले सुटतच नाही आणि गाडीची मूळ बॅटरी तिला जोडलेलीच राहते. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून) मिळेल तेवढा करंट खेचते, त्यात अल्टरनेटर जळू शकतो. बिलात मात्र चार्जरची पूर्ण किंमत लावलेली.

आता तक्रारीची कहाणी. फिटर म्हणाला, बॅटरी उघडलीत, वॉरंटी संपली. न उघडता आत काय आहे ते दिसणार कसं, याला उत्तर नाही. खोक्यावर ज्यांचं नाव होतं त्यांनी कळवलं की हा आमचा अधिकृत विक्रेता नाही आणि हा सीरियल नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही. म्हणजे माल बनावट आहे हे त्यांनीच सांगितलं. तेच लेखी द्या म्हटल्यावर मात्र गप्प. पोलिसांनी वजन, शंटचे आकडे, फोटो यांतलं काहीही न बघता सांगितलं की हा दिवाणी वाद आहे, इथे गुन्हा होत नाही. भंगारातले सेल नवे म्हणून विकले, तरी गुन्हा नाही? बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः मंजूर करून पाठवलेत, परत येणार नाहीत. ग्राहक तक्रार कक्षानं तज्ज्ञाचा अहवाल मागितला. तज्ज्ञ कोण, हे विचारलं तर यादी नाही. मी खटपट करून अहवाल मिळवला, तर म्हणे बिलावर सीरियल नंबर नाही, तेव्हा हीच ती बॅटरी कशावरून? पुढे एकही फोन न करता तक्रारीवर "निकाली" असा शेरा मारला. कुणाच्या बाजूनं निकाली, तेही लिहिलेलं नाही. प्रत्येक खिडकीवरचा माणूस जणू फिटरचाच वकील होता.

म्हणून बिलावर "बॅटरी सिस्टीम, फिटिंगसह" एवढंच लिहून घेऊ नका. प्रत्येक बॅटरीचा सीरियल नंबर, एएच आणि किलोतलं वजन लिहून घ्या. लिथियम बॅटरीला वाहतुकीसाठी यूएन ३८.३ चाचणी लागते, तिचा अहवाल मागा. टाळाटाळ केली तर तिथूनच निघा. शेवटचा हप्ता क्षमतेची चाचणी झाल्यावरच द्या आणि चाचणी सीलबंद बॅटरीवर करा, सलग व्हिडिओ घेऊन. केबलचा एक तुकडा कापून हातात मागा. चांगल्या केबलच्या तारेवर कथिलाचा पांढरा मुलामा असू शकतो, पण खरवडल्यावर आत तांबंच दिसलं पाहिजे. विमा कंपनीला फेरबदल लेखी कळवा.

फिटरचा आता निरोप आलाय : दोन्ही बॅटऱ्या आणून द्या, तक्रार मागे घ्या, बदलून देतो. मी नाही म्हणून कळवलंय. दोन्ही बॅटऱ्या आणि ती केबल पुरावा म्हणून माझ्याकडेच राहणार आहेत.