मारुती ८०० चा जुना एसी, बारा नंबरचा गॅस आणि थर्ड गेटपलीकडचा मिस्त्री

आमच्याकडं १९९२ ची मारुती ८०० आहे, एसीवाली, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, बाबांनी नवी घेतलेली. दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करून आम्ही ती चालवत ठेवलीय कारण इंजिन अजून ठणठणीत आहे आणि बाबांना दुसऱ्या गाडीत करमतच नाही. अडचण एकच, एसी. त्या काळच्या गाड्यांच्या एसीत गारव्यासाठी आर-१२ गॅस असायचा, जुने मिस्त्री ज्याला बारा नंबर म्हणतात तो, आणि तो आता मिळत नाही. मिळत नाही म्हणजे दुकानात संपलाय असं नाही, बनवायलाच बंदी आहे. त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ ला आला म्हणजे आमची गाडी आली त्याच वर्षी, आणि १ ऑगस्ट २००८ पासनं आपल्याकडं हा गॅस बनवणं थांबलं, दम्याच्या पंपासाठी तेवढी काही वर्षं सूट होती. तेव्हा आज कुणी तुम्हाला नवाकोरा बारा नंबर म्हणून काही देत असेल तर आधी विचारा की हा आला कुठनं.

मी हे विचारलं नव्हतं, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

दोन वर्षांमागं गार हवा यायची बंद झाली तेव्हा शहरातल्याच एका एसीवाल्याकडं गेलो (नाव लिहीत नाही), तो म्हणाला बारा नंबर आहे माझ्याकडं, जुना स्टॉक, शेवटचाच आहे, घेऊन टाका. अर्ध्या तासात भरून दिला, आधी पंपानं आतली हवा ओढून काढणं (व्हॅक्यूम) नाही, गळती बघणं नाही, अडीच हजार घेतले. आणि खरं सांगतो, एसी इतका गार झाला की बाबा खूश, मी पण खूश. यंदा मार्चात परत गार हवा कमी झाली आणि खानापूरहून येताना आई म्हणाली की गाडीत सिलिंडर ठेवलायस काय, वास येतोय. मी डिकी उघडून बघितली, पेट्रोलचा पाइप बघितला, कुठं काही नाही, आणि वास मात्र डॅशबोर्डातनं, ब्लोअर चालू केला की जास्त.

तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच, परत बारा नंबर शोधायचा. हुबळीला फोन केले, निपाणीला विचारलं, कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन आलो. तिथं एकानं पांढरा सिलिंडर दाखवला, रंग बरोबर कारण आर-१२ चा सिलिंडर पांढराच असायचा, पण त्याच्यावरचं लेबल घरच्या प्रिंटरवर काढल्यासारखं आणि तोंडाला सील नाही. भाव ऐकून गप्प परत आलो. मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं की अरे आपल्या उद्यमबागला थर्ड गेटच्या, म्हणजे तिसऱ्या रेल्वे फाटकाच्या पलीकडं आतल्या रस्त्याला एक मिस्त्री आहे, जुन्या गाड्यांचे एसी तोच करतोय, त्याच्याकडं जा.

शेड साधीच आहे, बाजूला लेथचा आवाज चालूच असतो. मिस्त्री मामा पन्नाशीचे असतील, पोराशी कन्नडात, माझ्याशी मराठीत आणि फोनवर हिंदीत, सगळं एका दमात. मी गेल्या गेल्या विचारलं, बारा नंबर आहे काय. त्यांनी उत्तरच दिलं नाही, बॉनेट उघडायला लावलं, हातातला गळती शोधायचा मीटर कंडेन्सरपासून (गॅसची उष्णता बाहेर टाकतो तो पुढचा भाग) सगळ्या जॉइंटवरनं फिरवला. मीटर गप्प. मग पोराला म्हणाले "नीर तगोंड बा", त्यानं साबणाचं पाणी आणलं, ब्रशनं कॉम्प्रेसरच्या पाइपाच्या जॉइंटवर लावलं आणि तिथं हरभऱ्याएवढे बुडबुडे, एक फुटला की दुसरा, थांबेचनात. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा, गॅस जातोय आणि मीटर ओरडत नाही. म्हणजे हा बारा नंबर नव्हंच. तुम्हाला चुलीवरचा गॅस भरून दिलाय."

मीटर फक्त क्लोरीन-फ्लोरीनवाला गॅस ओळखतो, एलपीजी ओळखत नाही, म्हणून गप्प. आणि एलपीजीचं प्रेशर आर-१२ च्या आसपास बसतं, जुनं मिनरल तेल पण त्याला चालतं, त्यामुळं भरला की कुणाला कळत नाही, उलट गारवा चांगलाच येतो. पण एसीचं कूलिंग कॉइल असतं डॅशबोर्डाच्या आत, म्हणजे ते गळलं की गॅस थेट आपल्या पुढ्यात, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास एलपीजी झाला की एक ठिणगी पुरते, ब्लोअरच्या मोटरची सुद्धा. आई दोन वर्षं पुढच्या सीटवर बसत होती. मी तिथं शेडच्या बाहेर येऊन पाचेक मिनिटं नुसता उभा राहिलो, लेथचा आवाज पण ऐकू येईना.

मामांनी साफ सांगितलं की खरा बारा नंबर आता जुन्या यंत्रांतनं काढून साफ केलेलाच काय तो असणार, माझ्याकडं तो नाही, आणि असता तरी गळक्या पाइपात भरला नसता. मग आर-१३४ए वर, म्हणजे बारा नंबरच्या जागी आलेल्या, ओझोन न खाणाऱ्या गॅसवर गाडी करायची ठरलं. हे नुसतं गॅस बदलणं नव्हे, आणि मला त्यांचं काम आवडलं ते इथंच. आधी आहे तो गॅस शेडच्या मागं उघड्यावर, आजूबाजूचं वेल्डिंग बंद करायला लावून सावकाश सोडला. कॉम्प्रेसर उतरवून जुनं तेल सगळं काढलं कारण मिनरल तेल १३४ए मध्ये मिसळत नाही, ते जाऊन कुठंतरी साठतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या गॅसला चालणारं एस्टर तेल घातलं. ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा डबा, नवा, कारण जुन्यातले दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. जॉइंटमधले ओ-रिंग (रबरी वायसर) सगळे नव्या गॅसला चालणारे हिरवे टाकले. रबरी पाइप दोन नवे बनवून घेतले, आत नायलॉनचा थर असलेले, कारण १३४ए चा कण बारीक, जुन्या रबरातनं हळूहळू जातो. आणि कंडेन्सर मोठा, पॅरलल फ्लोवाला (एकाच वेळी अनेक नळ्यांतनं गॅस जातो तसला), कारण नव्या गॅसचं प्रेशर गरमीत जास्त चढतं. हे एकेक त्यांनी काढलेला भाग हातात देऊन समजावलं, जुना ड्रायर हलवून दाखवला तर आतनं वाळू सांडल्यासारखा आवाज, दाणे फुटून पावडर झालेली.

मग गळती बघायला नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, सकाळी गेजचा काटा जागच्या जागी. पाऊण तास व्हॅक्यूम. बॉनेटखालचं स्टिकर पुसट झालेलं, मूळ गॅसचं वजन वाचता येईना, म्हणून मामांनी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून थोडा थोडा गॅस सोडला आणि एक डोळा गेजवर, एक एसीच्या जाळीत खुपसलेल्या थर्मामीटरवर. १३४ए बारा नंबरच्या वजनाला वजन भरायचा नसतो, ८०-८५ टक्क्यांत भागतं, जास्त भरला की उलट गारवा कमी होतो. बाहेर ३६ डिग्री होतं, गाडी उभी असताना जाळीत १४, रस्त्याला लागल्यावर ९. आधीइतका बर्फासारखा नाही, हे मान्य. गोगटे सर्कलला सिग्नलला अडकलो की जाणवतं. पण जेवढा आहे तेवढा निर्धास्त आहे.

खर्च सगळा मिळून ११,४०० झाला, त्यात कंडेन्सर आणि पाइपच निम्म्याहून जास्त. स्वस्त नाही. सहा दिवस गाडी तिथंच, मामा दोन दिवस म्हणाले होते. पाइप बनवून यायला वेळ लागला म्हणाले, पण एक फोन करायला काय हरकत होती, मीच रोज जाऊन बघत होतो. बिल खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, मागितल्यावर दुसऱ्या दिवशी छापील दिलं. बसायला एकच स्टूल. हे सगळं असूनही मी परत तिथंच जाणार, कारण गाडीत काय भरलंय हे आज मला माहीत आहे. बॉनेटखाली त्यांनी नवं स्टिकर लावलंय, आर-१३४ए, एस्टर तेल, तारीख, आणि सर्व्हिस पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडांवर) नव्या गॅसचे अडॅप्टर बसवलेत म्हणजे पुढं कुणी चुकून जुन्या पाइपानं काही भरायला गेला तर पाइप बसणारच नाही.

तुमच्याकडं जुनी ८००, पद्मिनी, कॉन्टेसा काय असेल आणि मागं कुणी "बारा नंबर" भरून दिला असेल, तर आधी एवढं करा, गळतीचा मीटर आणि साबणाचं पाणी दोन्ही लावून बघा. बुडबुडा येतोय आणि मीटर गप्प, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा. थर्ड गेटकडं जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, अकरानंतर ट्रकवाले येतात मग मामा हाताला लागत नाहीत.